बोअरचा समुद्र

तीस वर्षं भूगोल शिकवलेल्या माणसाला समुद्र म्हणजे काय ते कळत नाही, असं पूर्वी कोणी म्हटलं असतं तर मी त्याला वर्गाबाहेर उभा केला असता. आता मी गप्प बसतो. आणि गप्प बसणं हा माझा स्वभाव नाही, हे नगरच्या सावेडीत आमच्या गल्लीत कुणालाही विचारा.

बायको माझी कोकणातली, गुहागरच्या बाजूची. माहेरच्या ओटीवर बसलं की समोर समुद्र. लग्नात मी तिला शब्द दिला होता, निवृत्त झालो की तिकडे जाऊन राहायचं. लग्नाच्या वेळी माणूस काय वाट्टेल ते बोलतो! मी निवृत्त झालो आणि आठवड्याच्या आत हिने माळ्यावरच्या बॅगा खाली काढल्या. मेहुण्याने समुद्राकडची खोली झाडून ठेवली होती म्हणे. मग मी कारणं सुरू केली. तिकडची हवा दमट, माझे गुडघे धरतील. पेन्शनच्या कागदांवर एक सही राहिलीय. सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींना काय वाटेल? खरं कारण एवढंच की मला इथून हलायचं नव्हतं. इथे चार माणसं मला ‘सर’ म्हणतात. तिकडे मी नुसता जावई.

अशात मोबाईलवर मला समुद्री माशांच्या टाकीचा व्हिडिओ दिसला आणि डोक्यात किडा वळवळला. हिला समुद्र हवाय ना? मग समुद्रच घरी आणू. दिवाणखान्यात, टीव्हीशेजारी.

“काचेच्या पेटीत?” ती म्हणाली.

“पेटीत तर पेटीत. खाऱ्या पाण्यातले खरे मासे. समुद्र म्हणजे दुसरं काय असतं?”

तिने माझ्याकडे असं बघितलं की पुढचं वाक्य माझ्या तोंडून रागानेच निघालं. म्हटलं, पैज लाव. दिवाळीपर्यंत मासे जगले तर कोकणाचं नाव काढायचं नाही. मेले तर दुसऱ्या दिवशी मी स्वतः बॅग भरतो.

“शब्द?”

“शब्द.”

मी पुण्याला गेलो. दुकानदार भला माणूस होता, पण फार शिकवायचा, आणि मला कोणी शिकवलेलं खपत नाही. टाकी दिली, पाणी फिरवायचा पंप आणि हवेची नळी दिली, समुद्रातले सच्छिद्र दगड दिले, खारटपणा मोजायचं काटेवालं एक यंत्र दिलं. मग मिठाची मोठी पिशवी पुढे केली.

मी म्हटलं, “ही नको. आमच्याकडे खारं पाणी आहे.”

तो चाट पडला. “समुद्राजवळ राहता का काका?”

“छे! नगरला, सावेडीत. बोअरलाच येतं.”

तो माझ्याकडे बघत राहिला, मी त्याच्याकडे. नगरकराने पुणेकराला गप्प केलं याचा मला इतका आनंद झाला, की तो गप्प का झाला याचा मी विचारच केला नाही.

आता, जो नगरचा आहे त्याला हे सांगावं लागणार नाही. आमच्या घरात दोन पाणी. गोडं ते नळाचं, एक दिवसाआड येणारं, पिण्याचं. खारं ते बोअरचं, फरशी पुसायला आणि आंघोळीला. त्या खाऱ्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, बादल्यांवर पांढरे थर बसतात, आणि माझ्या डोक्यावरचे केस कुठे गेले हा प्रश्नही त्या पाण्यालाच विचारावा. जन्मापासून आम्ही त्याला खारं म्हणत आलोय. मासे खाऱ्या पाण्यातले. आमचं पाणी खारं. शंका यायला जागा कुठे होती? समुद्राच्या पाण्यात दर हजारी पस्तीस भाग क्षार असतात, हा प्रश्न मी स्वतः दर वर्षी पेपरात घालत होतो. पण पेपरातलं पाणी वेगळं आणि घरातलं वेगळं, नाही का!

टाकी भरली, दगड रचले, पंप सुरू केला. यंत्र पाण्यात बुडवलं तर काटा तळाशी. हलवलं, टिचकी मारली, तरी हलेना. म्हटलं, बघा, बिघडलेला माल गळ्यात मारला. यंत्र शोकेसमध्ये ठेवून दिलं.

मासे लगेच सोडायचे नसतात. पाणी महिनाभर नुसतं फिरत ठेवायचं, म्हणजे त्यात चांगले जंतू धरतात. हे मात्र मी इमानदारीने पाळलं. त्यामुळे सबंध श्रावणभर आमच्याकडे लोक येऊन पाणी बघून गेले. समोरच्या बंगल्यात कर्जतकडचे एक बागायतदार राहतात. मुलांच्या शाळेसाठी इथे आलेत, पण जीव सगळा रानात. ते चहाचा कप घेऊन टाकीपुढे पंधरा मिनिटं बसले.

“सर, मासं कुठं हायेत?”

“अजून पाणी पिकतंय.”

“पानी पिकतंय!” त्यांनी कप खाली ठेवला. “अन् ह्ये दगड पुन्याहून आनले? मला सांगायचं हुतं की. आमच्या रानात दगडाला काय तोटा न्हाई.”

बायको पदर तोंडाला लावून आत गेली.

गणपतीच्या आदल्या आठवड्यात मी पुण्याहून दोन मासे आणले. केशरी अंग, पांढरे पट्टे, बोटाएवढे. खरं सांगतो, पिशवीतच ते इतके गोड दिसत होते की मी बसमध्ये सगळा रस्ता त्यांच्याशी बोलत आलो. दुकानदाराने सांगितलं होतं, पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका, मासे तेवढे जाळीने उचला. तसंच केलं. पिशवीतलं पाणी पातेल्यात काढून ठेवलं आणि दुपारी बारा वाजता समुद्राचं उद्घाटन झालं. बागायतदार नारळ घेऊन हजर.

अर्ध्या तासात मासे तळाला बसले. पाऊण तासात एक कलंडला. कल्ले भराभर उघडत होते, तोंड नुसतं वासलेलं. बागायतदार हळूच म्हणाले, “लई दमलेत, प्रवास झाला ना,” आणि नारळ तसाच घेऊन सटकले. पैज गेली हे तर डोक्यात आलंच, खोटं कशाला बोलू? पण त्याच्याही आधी आलं ते हे, की सबंध रस्ताभर मी यांना काय काय कबूल करत आलो होतो.

ही स्वयंपाकघरातून हात पुसत आली. टाकीत बोट बुडवलं, जिभेला लावलं. मग पातेल्यातल्या पाण्यात बोट बुडवलं, तेही चाखलं. आणि कपाळावर हात मारला.

“अहो, हे बोअरचं भरलंत?”

“खारं नाही का ते?”

“हे खारं? हे नुसतं कडवट आहे! समुद्राचं पाणी कधी तोंडात गेलंय का तुमच्या?”

गेलं नव्हतं. तीस वर्षांत नकाशावर शंभरदा समुद्र निळा केला, पण सासुरवाडीला गेलो की मी ओटीवर पेपर वाचत बसायचो.

ती गप्प बसली असती तर तासाभरात पैज जिंकली असती. मला बॅगच भरावी लागली असती. हे तिला माहीत नव्हतं असं नाही. पण तिने मासे उचलून पातेल्यातल्या त्यांच्याच पाण्यात टाकले, टाकीतली हवेची नळी काढून त्यात सोडली आणि मला म्हणाली, “बघत काय बसलात, दुकानदाराला फोन लावा.” दुकानदाराने आधी एक दीर्घ श्वास घेतला. मग म्हणाला, मीठ पाठवतो, उद्या पोचेल. तोवर खडेमीठ वापरा, आयोडीनवालं नको, पाणी फिल्टरचं. लोणच्यासाठी हिने खडेमीठ ठेवलं होतंच.

“लिटरला किती घालायचं?” तिने विचारलं.

“पस्तीस ग्रॅम,” मी म्हणालो. दुकानदार सांगायच्या आत. तिने फक्त खडेमिठाची बरणी पुढे ओढली, आणि ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

तिने बादलीत मीठ विरघळवलं, पुन्हा पुन्हा चाखलं. शोकेसमधलं यंत्र मागितलं. काटा वर आला, जिथे यायला हवा तिथे. मग वाटीवाटीने ते पाणी पातेल्यात. चार वाजेपर्यंत कलंडलेला मासा सरळ झाला. ती पातेल्याशी मांडी घालून बसली होती, आणि तिचा चेहरा असा दिसत होता, जसा मी नगरमध्ये कधी पाहिला नव्हता.

मासे जगले. पुण्याचं मीठ आल्यावर बोअरचं पाणी काढून टाकी नव्याने भरली. रोज सकाळी ती पाणी चाखायची, मग यंत्र बघायची, दोन्हींचं एकमत झालं की चहा ठेवायची. दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाला मासे टुणटुणीत. आणि माझा निर्लज्जपणा बघा, मी म्हणालो, “जिंकलो बुवा!”

“जिंकलात,” ती म्हणाली. “नाव काढायचं नाही असं ठरलंय. नाव नाही काढणार.”

भाऊबिजेला भावाकडे गेली. जाताना काटा कुठे असायला हवा ते पेनाने काचेवर खूण करून गेली. मला वाटलं, चार दिवसांत येईल. एक महिना झाला.

फोन रोज येतो. पहिला प्रश्न, मासे खातात का? काल मी म्हटलं, खातात, काटाही खुणेवर आहे. मग ती म्हणाली, “आणि तुम्ही?”

इतक्या दिवसांत मला ‘सर’ म्हणणाऱ्या एकानेही हे विचारलं नव्हतं. म्हटलं, “जेवतो. पण इथे करमत नाही गं.”

“मलाही नाही करमलं तिथे,” ती म्हणाली. “बत्तीस वर्षं.”

रागावून नाही म्हणाली. उद्या गॅसवाला येणार आहे असं सांगावं, तशा आवाजात म्हणाली. मग पाण्यात मीठ बघून घाला म्हणाली आणि फोन ठेवला.