नॉर्मलचं ब्लडप्रेशर

आमच्या नर्सिंग कॉलेजात तिला सगळ्या 'नॉर्मल' म्हणायच्या. काहीही विचारा, उत्तर तेच. पेपर कसा गेला? नॉर्मल. आईचा फोन आला तरी "मी नॉर्मल आहे गं" एवढं बोलून ठेवून द्यायची. मी तिची रूममेट. तीन आठवडे ती धड झोपली नव्हती, हे मला ठाऊक होतं. वॉर्डात सिरिंज भरताना किती भरायचं तेच ती विसरायची. एक दिवस ही चुकीचं औषध भरणार, नाहीतर स्वतःच कोसळणार, या भीतीने मी तिची प्रत्येक सिरिंज चोरून तपासायचे. मॅडमना सांगू या म्हटलं की म्हणायची, "अनफिट लिहितील. वर्ष जाईल. गप्प बस."

आणि मी गप्प बसले. मैत्रीण कसली, बावळट नुसती.

मग कॉलेजला आमच्या ताणाची काळजी वाटली. काळजी वाटली म्हणजे वरून पत्र आलं. लगेच 'तणावमुक्ती सप्ताह' जाहीर झाला. आठ तासांच्या ड्यूटीनंतर दोन तास तणावमुक्त होणं सक्तीचं. हजेरी कमी पडली तर परीक्षेला बसता येणार नाही. त्या धास्तीने दोघीजणी वर्गातच रडल्या. त्यांची हजेरी मात्र लागली.

शेवटच्या दिवशी जोडीजोडीने एकमेकींचं ब्लडप्रेशर मोजून तक्त्यात लिहायचं होतं. आमच्याकडे याची पद्धत ठरलेली आहे. पट्टा गुंडाळायचा, चेहरा गंभीर करायचा आणि एकशेवीस-ऐंशी लिहून मोकळं व्हायचं. चाळीस पेशंट आणि आम्ही दोघी, त्यातून लागलेली सवय. नॉर्मलने माझं तसंच लिहिलं. वर्गातल्या साठपैकी एकोणसाठ मुली एकशेवीस-ऐंशी निघाल्या. मॅडम खूश होत्या.

साठावी नॉर्मल. तिचं मी खरंच मोजलं. एकशेपन्नास-शंभर.

"खोडून टाक," ती कुजबुजली. मी नाही खोडलं.

मॅडमनी तक्ता पाहून आठ्या घातल्या. "या वयात एवढं? मशीन बिघडलंय." मशीन दुरुस्तीला गेलं. त्याला आठ दिवसांची विश्रांती मिळाली. नॉर्मल दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ड्यूटीवर.

मशीन परत आलं तेव्हा सोबत दुरुस्तीवाल्याची चिठ्ठी होती: 'तपासले. यंत्रात दोष नाही.' ती चिठ्ठी मी तक्त्यात नॉर्मलच्या आकड्याशेजारी टाचली आणि तिला हाताला धरून मॅडमच्या टेबलापुढे नेलं. मॅडमनी चिठ्ठी वाचली, तक्ता वाचला, परत चिठ्ठी वाचली. मग खुर्ची पुढे सरकवली. तीन वर्षांत त्यांनी कुणाला बस म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

"बस. झोप लागते का तुला?"

नॉर्मलने सवयीने तोंड उघडलं. आज तरी नको म्हणूस गं, मी मनात म्हणत होते.

"नाही," ती म्हणाली. मग माझ्याकडे बोट दाखवून, "हिला काळजी नको म्हणून झोपल्याचं नाटक करते."

मला एकदम रडू आलं. शेजारच्या कॉटवर मीही तेच नाटक करत होते.

"उद्यापासून तुला सुट्टी. अनफिट कुणी लिहीत नाही," मॅडम तिला म्हणाल्या. मग पट्टा उचलून माझ्याकडे वळल्या.

"आता तुझा हात दे."