हिची ऊब वजा

सर माणसं वॅटमध्ये मोजत. "नुसतं बसल्यालं माणूस म्हंजे शंभर वॅटचा बल्ब," असं म्हणत मोजणीआधी ते आम्हा सगळ्यांना प्रयोगशाळेबाहेर काढत, दार लावून घेत आणि आत एकटे बसत. त्यांच्या स्वतःच्या शंभर वॅटांचं काय, हे विचारायची आमची छाती नव्हती.

मूळचे ते खानापूरकडच्या शेतकरी घरातले. निवृत्तीनंतर टिळकवाडीत राहत आणि बेळगावातल्या आमच्या कॉलेजात अतिवाहक केबलवर काम करत. द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवून गार केली की ही केबल वीज जवळजवळ वाया न घालवता नेते. पण घरात येते तशी, सतत दिशा बदलणारी वीज सोडली की थोडी उष्णता होतेच आणि तेवढ्या नायट्रोजनची वाफ होते. वाफ मोजली की वाया गेलेली वीज कळते. खोलीत माणूस असलं की त्याची ऊब त्यात मिसळते, म्हणून आमची हकालपट्टी.

ती वाफ कमी करायचा सरांनी ध्यासच घेतला होता. केबलच्या गाभ्याभोवती अतिवाहक पट्ट्या गुंडाळायचं काम माझं, तपासायचं त्यांच्या अंगठ्याचं. डोळे मिटून ते अंगठा फिरवत आणि नेमके थांबत. "हितं फट ऱ्हायलीया बघ, निपाणीकर. कडंलाच नुकसान हुतंय. सोड, आन पुन्यांदा गुंडाळ." एकच केबल मी अकरा वेळा सोडली. शेवटी मला रडू फुटलं, तेव्हा ते माझ्यासाठी चहा घेऊन आले आणि मी पीत होते तोवर बारावी खेप त्यांनी स्वतः गुंडाळली. त्या केबलची वाफ सगळ्यांत कमी भरली. सरांनी आकडा दाराबाहेर येऊन सांगितला आणि पुन्हा आत गेले.

मला परगावी नोकरी लागली. निरोप घ्यायला घरी गेले, तेव्हा सरांच्या पत्नीला, आमच्या काकूंना, जाऊन तीन वर्षं झाली होती. सवयीनं मी दारातच उभी राहिले.

"आत ये की गं. हितं काय मोजायचं न्हाय."

"लोंढ्याहून गाडी आहे, सर. उशीर होईल."

"व्हय, व्हय. मग जा." त्यांनी आतून एक जुनी वही आणून माझ्या हातात ठेवली. मी उंबऱ्यावरूनच पाया पडले.

वही गाडीत उघडली. सरांच्या जुन्या मोजण्या होत्या. प्रत्येकीच्या शेवटी एक ओळ होती : 'हिची ऊब वजा केली.' म्हणजे काकू आत बसायच्या! सर त्यांना बाहेर काढत नसत, त्यांची ऊब हिशेबातून वगळत. पुढे एका पानापासून ती ओळ नाही. त्यानंतर त्यांनी खोलीत कुणालाच बसू दिलं नव्हतं, आणि मला आत ये म्हणाले होते.

त्याच वर्षी थंडीत सर गेले. आता माझ्या मोजणीला मी कुणाला तरी आत बसवते आणि शेवटी त्याची ऊब वजा करते. पण त्या दिवशी मी आत जायला हवं होतं. लोंढ्याहून संध्याकाळीही एक गाडी होती.