फुलीच्या जागी सही

आमच्या कॉलेजात तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांकडून दर जूनला कागदांच्या एका गठ्ठ्यावर सह्या घेतल्या जात. अर्ज, हमीपत्र, कायम नोकरीवर हक्क सांगणार नाही असं लेखी. सही कुठे करायची तिथे मी पेन्सिलीने फुली मारून ठेवत असे. वनस्पतिशास्त्राचा विभागप्रमुख म्हणून ते माझं काम होतं. गठ्ठ्याच्या तळाशी दोन कोरे कागद असत.

"कोऱ्यावरबी घ्या की सर," आमचे हेडक्लार्क म्हणायचे. "टायपात चुकलं तर परत कुणाच्या मागं पळायचं?"

सगळे सह्या करायचे. कुणी वाचत नसे. वाचत बसणाऱ्याला पुढच्या जूनला बोलावणं येत नाही, हे सांगावं लागत नव्हतं.

तिनेही केल्या. ती माझीच विद्यार्थिनी, पुढे माझ्याच विभागात शिकवायला आलेली. कॉलेजं बंद होती त्या वर्षी तिने कसबा बावड्यातल्या घरातून सगळा अभ्यासक्रम व्हिडिओवर शिकवला. फोन धान्याच्या डब्याला टेकवून, शेतातली मुळं, पानं आणून, ब्लेडने चिरून दाखवत. मध्येच साखर कारखान्याचा भोंगा वाजायचा. ती थांबायची, हसायची आणि म्हणायची, "झालं त्याचं. आता आपलं." शिकवणं चालू ठेवा, एवढंच कॉलेजने सांगितलं होतं. व्हिडिओ कुणाचे, हे तेव्हा कुणी विचारलं नाही.

कॉलेज उघडल्यावर तिने ते स्वतःच्या चॅनेलवर टाकले. बाहेरगावची मुलंही बघू लागली. तेवढ्यात मूल्यांकन समिती येणार म्हणून ऑनलाइन अभ्यासक्रम कॉलेजच्या नावावर दाखवायचं ठरलं. प्राचार्यांनी मला आणि हेडक्लार्कना बोलावलं.

"बाईंकडून कॉपीराइटचं काही लेखी आहे का?"

मी नाही म्हणालो. हेडक्लार्क म्हणाले, "हाय की. कोरं हाय."

तिच्या सहीचा कागद प्रिंटरमध्ये गेला. माझे सर्व व्हिडिओ, टिपणे आणि आवाज यांचे हक्क मी स्वखुशीने महाविद्यालयास देत आहे, एवढाच मजकूर. तो वरच संपत होता आणि सही पार तळाला होती. मग ओळींमधलं अंतर वाढवून मजकूर खाली सहीपर्यंत ओढला. बाहेर आलेला कागद कोमट लागला. "माझ्यासमक्ष" या शब्दाखाली मी सही केली. माझ्यावर कुणी जबरदस्ती केली नव्हती. अभ्यासक्रमाचा समन्वयक म्हणून माझं नाव पडद्यावर येणार होतं, आणि मला ते हवं होतं.

पुढच्या जूनला तिच्या नावाचा गठ्ठा निघाला नाही. व्हिडिओ असताना शिक्षक कशाला, असं ठरलं. ऑगस्टमध्ये एकदा मी वर्गावरून जात होतो. गाळप केव्हाच संपलेलं, कारखाना बंद. आणि बंद दाराआडून भोंगा वाजला. मग ती हसली. मी दार न उघडता पुढे गेलो.

त्याच सुमारास कॉलेजच्या तक्रारीवरून तिचं चॅनेल बंद पडलं. दुसऱ्या जिल्ह्यात तिची मुलाखत होती, कायम जागेची. तिथे तिने व्हिडिओ दाखवले, तेव्हा दुसऱ्याचं साहित्य स्वतःचं म्हणून दाखवता का, असं तिला विचारण्यात आलं. ती जागा गेली, पुढच्याही गेल्या. विषय छोटा, विभाग मोजके. चोरीचा बोभाटा व्हायला वेळ लागत नाही.

ती माझ्या घरी आली होती. हातात त्या कागदाची झेरॉक्स.

"सर, सही माझी आहे. कागद मी आज पहिल्यांदा बघतेय. तुमच्या समक्ष केली असं लिहिलंय. केली का?"

"केली असशील. आता कुठलं आठवतंय मला."

तिने चहाचा कप होता तिथेच ठेवला आणि गेली.

मी निवृत्त झालो. ही गोष्ट मिटली असं मी धरून चाललो. यंदा माझी नात बी.एस्सी.ला लागली. परवा ती फोन घेऊन आली.

"आजोबा, ह्या कोर्सवर तुमचं नाव कसं काय? आणि ही बाई मधेच कशाला हसते?"

मी ऐकलं. कुणीतरी आवाज साफ केला होता. भोंगा काढून टाकला होता, "झालं त्याचं" हेही काढलं होतं. फक्त हसू राहिलं होतं. स्वच्छ शांततेत, कशालाच नाही, अशी ती हसत होती. दर दोन-तीन पाठांनंतर.

मी बावड्याला गेलो. दारात तिच्या सासूबाई होत्या. "या पावणं, बसा. बोलावते." ती बाहेर आली. केस पांढरे झालेले. आता घरच्या म्हशींचं दूध बघते.

मी म्हणालो, "खरं काय झालं ते लिहून देतो. तू सांगशील तिथे देतो."

"तुमच्या भाषेत नको, सर. तुम्ही फार सांभाळून लिहिता."

आत जाऊन तिने एक कोरा कागद आणला. माझ्यासमोर ठेवला आणि अगदी तळाशी पेन्सिलीने फुली मारली.

"काय लिहिणार आहेस यावर?"

"अजून ठरवलं नाही. तुम्ही तरी कुठं ठरवलं होतं?"

मी सही केली. तिने शाई वाळू दिली, कागदाची घडी घातली आणि म्हणाली, "सर, चहा घेऊन जा." मी पूर्ण कप प्यायलो.

याला आता महिना होत आला. मुलगा चिडला आहे. "कागद हरवल्याची तक्रार देऊया पोलिसांत. घरदार लिहून घेतलं म्हणजे?" गेटची कडी वाजली की सून खिडकीतून बघते. मीही बघतो.

म्हणून हे आज लिहून ठेवतो, तो कागद कुठे निघायच्या आत. तिची सही कोऱ्या कागदावरची होती आणि वरचा मजकूर आम्ही नंतर घातला. व्हिडिओ तिचे आहेत. माझी सही मी शुद्धीत, दिवसाउजेडी, कोरा कागद बघून केली आहे. तिने वर काय लिहिलं ते मला माहीत नाही. जे लिहिलं असेल त्याला माझ्या घरातल्या कुणी हरकत घ्यायची नाही.