मूळ गाव सातारा

मंडळी, मी बडोद्यात बारावीला भूगोल शिकवते, पण आज परीक्षा माझीच झाली.

‘स्थलांतर’ हा धडा चालू आहे. प्रात्यक्षिक म्हणून मुलींना दहा जणांचे फॉर्म भरून आणायला सांगितलं होतं. हिरलला नऊच जण मिळाले, म्हणून मधल्या सुट्टीत ती दहावा फॉर्म घेऊन माझ्यासमोर बसली.

“बेन, तमारुं वतन?”

“सातारा,” मी पटकन सांगून टाकलं. रावपुऱ्यातल्या आमच्या घरात सगळे हेच सांगतात.

“मग बडोद्याला कधी आलात?”

“आले नाही गं, जन्मच इथला. माझ्या वडिलांचा, आजोबांचासुद्धा.”

तिचं पेन थांबलं. “साताऱ्याला शेवटच्या कधी गेला होतात?”

खरं सांगते, मी सातारा पाहिलेलाच नाही.

हिरल दोन वर्षांपूर्वी अमरेलीहून आली. तिचे वडील मकरपुऱ्यात कारखान्यात आहेत. ती म्हणाली, “बेन, जन्म कुठला आणि आधी कुठे राहत होतो ते बघायचं, असं तुम्हीच शिकवलंत. म्हणजे तुम्ही इथल्याच. बाहेरची तर मी आहे.” आणि तिने ‘सातारा’वर सरळ काट मारली.

ही व्याख्या मी वीस वर्षं फळ्यावर लिहितेय. तरी राग आला, आणि कुणाचा ते कळेना.

संध्याकाळी लेकाला सहज विचारलं, “आपलं गाव कुठलं रे?”

मोबाईलमधून मान वर न काढता तो म्हणाला, “सातारा.”

ज्या गावाला कधी गेलोच नाही, ते सुटत का नाही हो? तुमच्याकडेही असंच आहे का?