पिवळ्या गुलाबाचं पील

आमच्या घरच्या गुलाबाला हात लावायची परवानगी मला सोडून सगळ्यांना आहे. दूधवाल्याला आहे, शेजारच्या नानांना आहे. परवा नानांच्या शेळीने त्याची दोन पानं खाल्ली, तिलाही कुणी काही बोललं नाही. मी नुसता जवळ उभा राहिलो तरी आतून सुलभाचा आवाज येतो, "हात मागे घ्या."

सुलभा म्हणजे माझी बायको. धुळ्यात देवपुरातल्या आमच्या चिमूटभर अंगणात तिने एक पिवळा गुलाब लावला होता, 'हायब्रीड टी' जातीचा. (टी म्हणजे चहात टाकायचा का, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. बागकामातलं माझं स्थान तिथेच ठरलं.) पण फूल असं, की एक उमललं तरी आत सोफ्यावर बसून वास यावा. पिवळे गुलाब पुष्कळांकडे असतात, वासाचे नसतात, हे ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची.

आमची मुलगी पल्लवी बाळंत होणार होती. दवाखाना पुण्याचा, बारसं धुळ्याचं, असा दोन्ही घरांत तह झाला. दसरा झाल्यावर सुलभाने गुलाबाची छाटणी केली, बारशाच्या सुमारास फुलं येतील असा अंदाज बांधला आणि पुण्याच्या विहीणबाईंना सांगून टाकलं, "पाळण्याला आमच्या घरचा गुलाब बांधणार. वास घेऊन बघाच तुम्ही." म्हणजे शब्द देऊन झाला होता. पुण्याला निघताना मला म्हणाली, "फक्त पाणी घाला. डोकं चालवू नका."

ती गेली आणि माझं डोकं चालू लागलं. छाटलेलं झाड म्हणजे नुसती चार खुरटी काटकं. बुडाशी मात्र मातीतून एक हिरवागार कोंब निघालेला, आणि तो काही थांबायचं नाव घेईना. मी रावेरकडचा, केळीवाल्याचा पोरगा. बुडातून कोंब निघाला की आमच्याकडे त्याला 'पील' म्हणतात, आणि पील म्हणजे पुढचं पीक. तरी खात्री असावी म्हणून गावी आबांना, म्हणजे वडिलांना, फोन लावला.

"आबा, बागेत पील निघालंय."

"जोरात हाये का?"

"फार जोरात. जुनं झाड मात्र पार गेल्यासारखं दिसतंय."

"माल निघून गेला का त्याचा?"

"दसऱ्याआधीच निघाला."

"मंग वाट कायची पाह्यतो? जुनं खोड काप अन् पील ठेव. नाही तं सगळं खत ते जुनंच खाऊन घेते."

तज्ज्ञाचा सल्ला मिळाला. मी त्याच संध्याकाळी विळा काढला, जुनं झाड पिलाच्या बुडाच्या जरा वरून साफ उडवलं आणि पिलाला पाटीभर शेणखत घातलं. एवढं नीट काम मी नोकरीतसुद्धा कधी केलं नव्हतं.

पिलाने खताला न्याय दिला. बघता बघता ते माझ्या खांद्याला लागलं, मग कंपाउंडच्या भिंतीवर चढलं आणि पलीकडे वाळत घातलेल्या नानांच्या लेंग्यात शिरलं. लेंगा फाटला, पण नाना दिलदार माणूस. "भाऊ, झाड जोरमा शे," ते म्हणाले, "बठ्ठी गल्लीमा असं झाड नही." अख्ख्या गल्लीत असं झाड नाही म्हटल्यावर माझी छाती फुगली.

सुलभा फोनवर रोज विचारायची.

"गुलाब कसा आहे?"

"भिंतीच्या वर गेलाय."

"भिंतीच्या? आणि कळ्या?"

"येतील ना. आधी अंग तर धरू दे."

तेवढ्यात तिकडे नात रडायची आणि चौकशी राहून जायची.

बारशाच्या आदल्या दिवशी मंडळी आली. सुलभाने फाटकातच पिशवी खाली ठेवली.

"माझा गुलाब कुठाय?"

"हा काय, तुझ्यासमोर."

तिने एक पान धरलं आणि फुलाच्या पाकळ्या मोजाव्यात तशी त्याची छोटी पानं मोजली. "सात. माझ्या गुलाबाला पाच असायची. हा खालचा जंगली खुंट आहे. याच्यावर पिवळ्याचं कलम बांधलेलं होतं, ते कुठाय?"

"त्याचा... माल निघून गेला होता."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती पायरीवर बसली आणि हळूच म्हणाली, "विहीणबाईंना मी आता काय दाखवू, काटे?" मला खरंच फार वाईट वाटलं.

वाईट वाटलं की मी काहीतरी करतो, हा माझा दुसरा दोष. बाजारातून पिवळे गुलाब आणले. दिसायला देखणे, वासाच्या नावाने शून्य. मग फ्रिजमध्ये गुलाबाच्या सरबताची बाटली दिसली. वास गुलाबाचाच ना? कापसाच्या बोळ्याने प्रत्येक फुलाला आतून सरबत लावलं आणि बारशाच्या सकाळी कुणी उठायच्या आत पाळणा सजवून टाकला.

विहीणबाईंनी वाकून वास घेतला. "अय्या, अगदी कुल्फीसारखा!" सुलभाने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. छतावरून, पाळण्याच्या दोरीवरून, लाल मुंग्यांची एक शिस्तशीर रांग खाली येत होती. पल्लवीने बाळाला झटकन उचललं म्हणून बरं, पाठोपाठ गादी, झालर आणि फुलं अशी सगळी वरात अंगणात गेली. नातीचं नाव अखेर सुलभाच्या मांडीवर ठेवलं गेलं.

गावाहून आलेले आबा हे सगळं शांतपणे बघत होते. भिंतीवरच्या काट्यांचा इतिहास ऐकल्यावर मात्र त्यांनी कपाळावर हात मारला.

"अरे, तू बाग म्हनला. बाग म्हनल्यावर मी केळीचंच समजनार ना? गुलाबाले पील कोन म्हनते?"

रावेरकडे बाग म्हणजे केळीची, बाकी सगळी नुसती झाडं, हे मला लहानपणापासून माहीत होतं.

सुलभा गोड आवाजात म्हणाली, "आबा, पण केळीत पील आलं की जुनं खोड काढतातच ना?"

"काढाच लागते, बाई. ते मंग काही कामाचं नसते."

सुलभाने मांडीवरच्या नातीकडे पाहिलं, मग सावकाश माझ्याकडे. "पील तर आलं," ती म्हणाली.

विहीणबाई हसून हसून लाल झाल्या. आबा हसले, नातही हसल्यासारखी दिसली. पुढे सुलभाने पिवळ्या गुलाबाचं नवं कलम लावलं, आणि तेव्हापासून आमच्या घरातला विळा मी कुलपात ठेवतो. गुलाबाच्या काळजीने नव्हे, माझ्या.