निकमकाकांची फेरी

निकमकाका पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आले ते दिलेल्या वेळेनंतर चाळीस मिनिटांनी. मराठी माणसांत यात नवल काही नाही, पण त्यांची गाडी सातच्या ठोक्याला पार्किंगमध्ये लागलेली मी खिडकीतून पाहिली होती. काकू गाडीतच बसून होत्या आणि काका अमेरिकेतल्या रेडमंडच्या नोव्हेंबरातल्या पावसात छत्री उघडून कुठेतरी नाहीसे झाले होते. शेवटी बेल वाजली. दारात बूट काढता काढता ते म्हणाले, "तुमच्या कॉम्प्लेक्सच्या मागनं एक ओढा जातोय, माहितीय का? आणि कचऱ्याच्या डब्यांपाशी भिंत फुगलीय. मॅनेजरला सांगून ठेवा." मग डोकं पुसलं, सोफ्यावर टेकले आणि समाधानाने म्हणाले, "झाली फेरी. आता चहा."

आम्ही त्या घरात दोन वर्षं राहत होतो. ओढ्याचा आम्हाला पत्ताच नव्हता.

काका माझ्या नवऱ्याच्या, मंदारच्या टीममध्ये होते. वय पन्नाशीपुढे. जुन्या मोठ्या कॉम्प्युटरांवरचं काम करायला उशिरा अमेरिकेत आलेले, मूळचे साताऱ्याकडचे. आमची सगळी गँग तिशीच्या आतली, त्यामुळे ते सगळ्यांचेच काका झाले. मूलबाळ नव्हतं, म्हणून असेल किंवा नसेलही, पण मला ते पहिल्या दिवसापासून 'पोरी' म्हणायचे. नव्या जागी गेले की आत शिरण्याआधी तिला बाहेरून पूर्ण फेरी, हा त्यांचा नेम. ऑफिस नव्या इमारतीत हललं तेव्हा काका पुढे आणि संशयाने पछाडलेला सिक्युरिटी गार्ड मागे, अशी वरात निघाली होती. "पायाखाली घातल्याशिवाय मत देऊ नये," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. काकूंचं त्यावरचं उत्तरही ठरलेलं. "लग्नाआधी आमच्या घराला तीन फेऱ्या मारल्या होत्या यांनी. माझ्या वडिलांना वाटलं, चोर टेहळणी करतोय."

अशा माणसाने दोन हजार चारच्या वसंतात एक दिवस आमच्या डायनिंग टेबलवर एक छापील फोटो ठेवला. काळी खडकाळ जमीन, मध्ये लाकडी केबिन, आजूबाजूला नजर पोचेल तिथवर काहीही नाही. दक्षिणेला, ओरेगनच्या वाळवंटी भागात चाळीस एकर. जवळचं दुकान पस्तीस मैलांवर. वीज नाही, विहीर नाही, पाणी टँकरने आणून टाकीत भरायचं.

"टँकरच्या पाण्यावर राहायला अमेरिकेत आले का मी?" काकू म्हणाल्या.

"अगं, बघून तर येऊ."

"तुम्ही या बघून. मला फोटोत दिसलं तेवढं पुरे."

मग काकांबरोबर मी आणि मंदार निघालो. मला न्यायचं कारण काकांनी स्पष्ट सांगितलं, "मालकीण म्हातारी आहे. माझं इंग्रजी खडबडीत. तुझं मऊ आहे." इंटरनेटवरचे नकाशे छापून मांडीवर घेऊन जायचे ते दिवस. पावसाळी डोंगर मागे पडले, झाडं विरळ झाली, आकाश मोठं होत गेलं आणि काका पुढच्या सीटवर लहान मुलासारखे सरकून बसले. "बघ पोरी, काळा दगड. आपलाच. लाव्हा तो लाव्हा, इथला काय आणि सह्याद्रीतला काय." मी म्हटलं, काका, सह्याद्रीत निदान पाणी आहे. इथे कुसळ उगवायची मारामार. तेव्हा त्यांनी खिडकीबाहेर बघत जे सांगितलं, ते तोवर मला कुणीच सांगितलं नव्हतं.

काका दहा वर्षांचे असताना त्यांचं गाव धरणात गेलं. घर, शेत, चिंचेचं झाड, सगळं. सरकारने लांब पूर्वेला जमीन दिली. वडिलांनी ती कसली, पण मरेपर्यंत तिला 'आपली' म्हटलं नाही. गावच्या देवाचा शेंदराचा दगड मात्र बैलगाडीत घालून आणला होता, तो बांधावर बसवला.

"म्हणून मी ठरवलं होतं," काका म्हणाले, "आयुष्यात एकदा जमीन घेणार आणि ती अशी घेणार, की तिथं पाणी येऊच शकणार नाही. ह्या मुलखात धरण बांधायचं म्हटलं तरी नदी कुठून आणतील?"

मंदारने रेडिओ बंद केला.

मालकीण डोरोथी अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. केबिन तिने आणि तिच्या दिवंगत नवऱ्याने स्वतःच्या हातांनी बांधलेली. आता गुडघे गेले म्हणून शहरात लेकीकडे राहायला जाणार होती. काकांनी तिला नमस्कार केला, केबिनकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि तडक कुंपणाच्या कडेने चालू लागले. आम्ही मागे. पायाखाली राखाडी भुसभुशीत खडे, करकर आवाज, सेजच्या झुडपांचा उग्र वास. हवा इतकी कोरडी की माझे ओठ तासाभरात फुटले, आणि तरी मला ओरडावंसं वाटत होतं, इतकं ते सगळं मोकळं होतं. दोन तासांनी परत आलो तेव्हा काकांच्या मुठीत एक फिकट, भोकाभोकांचा दगड होता. पोर्चवर पाण्याची बादली होती. त्यात त्यांनी तो टाकला. दगड तरंगला.

काकांनी तो बोटाने खाली दाबला. सोडला. परत वर आला. असं त्यांनी पाच-सहा वेळा केलं असेल.

"प्युमिस," डोरोथी म्हणाली. "इथे सगळीकडे आहे."

काका माझ्याकडे वळले. डोळे भरलेले आणि तोंडभर हसू. "पोरी, इथला दगडसुद्धा बुडत नाही."

व्यवहार तिथेच तोंडी ठरला. डोरोथी म्हणाली, सप्टेंबरात या, सह्या करू. ते चार महिने काकांनी आमचं डोकं खाल्लं. ऑफिसात कोडऐवजी त्यांच्या स्क्रीनवर सोलर पॅनल दिसायचे. काकू हो म्हणाल्या नव्हत्या, पण नाही म्हणणंही त्यांनी सोडलं होतं.

सप्टेंबरात काकूही आल्या. आम्ही ठरल्या वेळेआधी तासभर पोचलो आणि काकांना राहवेना. त्यांनी फेरी मारली, एक चांगला काळा दगड निवडला, फाटकाच्या खांबाला टेकून बसवला, आणि काकूंच्या पूजेच्या डब्यातला शेंदूर तेलात कालवून त्याला लावला. हाताला उरला तो खांबाला पुसला. आम्हीही हौसेने फोटो काढले.

डोरोथीचा पिकअप फाटकाबाहेर थांबला. ती उतरली नाही. काच खाली करून खांबाकडे बघत राहिली.

"जमीन अजून माझी आहे," ती शेवटी म्हणाली. "आणि तुम्ही मलाच आत येऊ नका म्हणताय?"

आम्हाला काही कळेना. मग तिनेच सांगितलं. त्या भागात फाटकाच्या खांबाला नारिंगी रंग फासला म्हणजे सरळ अर्थ, पाऊल टाकू नका. तिने आणि तिच्या नवऱ्याने तीस वर्षांत तो रंग कधी लावला नव्हता. वाट चुकलेला कुणीही केबिनपर्यंत यावा, पाणी प्यावं, असा त्यांचा रिवाज. "मला वाटलं होतं, तुम्ही वेगळे आहात," ती म्हणाली आणि गाडी मागे घेऊ लागली.

माझ्या मऊ इंग्रजीला ऐन वेळी 'सॉरी'पलीकडे काही सापडेना. काकांचा चेहरा पाहवत नव्हता. इतकी वर्षं मनात धरलेली जमीन बोटभर शेंदराने, आणि तेही देवाच्या, हातची चालली होती. तेवढ्यात काकू फाटकाबाहेर गेल्या आणि पिकअपच्या दारावर हात ठेवून उभ्या राहिल्या. जमिनीला विरोध करणाऱ्या त्याच काकू.

"नो स्टॉप," त्या म्हणाल्या. "गॉड. हिज व्हिलेज गो इन वॉटर. डॅम. हिज फादर ब्रिंग ओन्ली गॉड. नाऊ ही ब्रिंग गॉड हिअर." मग खांबाकडे बोट दाखवून, "युवर लँड, नो स्टॉप फॉर यू. प्लीज, कम. आय मेक टी."

डोरोथीने इंजिन बंद केलं. मग काकांना विचारलं, "आज पुन्हा सगळी जमीन चाललात?"

"येस मॅडम. फुल राउंड."

"बघायला नऊ जण आले होते," ती म्हणाली. "एकही पोर्चच्या पलीकडे गेला नाही." ती उतरली, काठी टेकत आली, आणि त्या शेंदराच्या दगडाशेजारून आत गेली. दुपारी गावात सह्या झाल्या. काकांनी पेन परत द्यायचं विसरून खिशात घातलं.

पुढची चार वर्षं महिन्यातून एकदा तरी ते तिथे असायचे. खांबावरचा रंग पुसून काढला होता, दगडावरचा दर दिवाळीला ताजा व्हायचा. त्यांच्या फेऱ्यांनी कुंपणाच्या कडेने एक स्पष्ट पायवाट पडली. काकू मात्र पोर्चवर बसून म्हणायच्या, "तुमची फेरी तुम्ही मारा. मला इथून दिसतंय सगळं."

दोन हजार आठच्या ऑक्टोबरात काका गेले. हृदयविकार, दोन दिवसांत सगळं आटोपलं. अस्थी समुद्रात सोडायच्या की भारतात न्यायच्या, असं मी काकूंना विचारलं, तर त्यांनी मान हलवली. "पाण्यात नाही. हॉस्पिटलात मला बजावून सांगितलंय त्यांनी. म्हणाले, पाण्याला आमच्या घराने एकदा पुरेसं दिलंय."

म्हणून आम्ही तिघं तिकडे गेलो. काकूंनी अस्थींचा डबा स्वतःच्या हातात धरला आणि त्या पायवाटेने निघाल्या, चाळीस एकरांची पूर्ण फेरी, आयुष्यात पहिल्यांदा. थोडं थोडं टाकत, कुठेही न बसता. मला रडू आवरत नव्हतं आणि त्या मला मध्येच दाखवत होत्या, हे झुडूप बघ, इथून डोंगर किती छान दिसतो बघ, हे मला कधी सांगितलं नाही यांनी. फाटकापाशी दगडाजवळ डबा रिकामा झाला. काकूंनी हात झटकले, पदराने तोंड पुसलं.

"झाली फेरी," त्या म्हणाल्या. "चला, चहा टाकते."