बिनड्रायव्हरच्या बसला झेंडूचा हार

मी अमेरिकेत, फ्रीमाँटला मुलाकडे राहतो. त्याची नवी गाडी रिव्हर्स घेताना शेजाऱ्यांच्या टपालपेटीवर घातली, तेव्हापासून माझं ड्रायव्हिंग बंद. (पेटी आधीच वाकडी होती, पण ऐकतं कोण.) मुलगा-सून ऑफिसात, नात शाळेत. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा घरात मी आणि डिशवॉशर. ही गेल्यापासून तोसुद्धा दिवसाआड चालतो.

मागच्या वर्षी आमच्या टाउनहाउसेसपासून लायब्ररीपर्यंत एक छोटी बस सुरू झाली. ड्रायव्हर नाही, तिकीट नाही. थांब्यावर पाटी होती : ही चाचणी आहे, लोक बसले तरच पुढे चालू ठेवू. लोक काही बसेनात. ज्यांची मुलं दिवसभर असलीच यंत्रं बनवतात, तेही म्हणायचे, "स्टिअरिंगवर कुणी नाही, डेअरिंग कसं करता?" मी रोज बसायचो. एकटाच. बस बंद झाली की मी घरात कोंडलो, एवढं मला कळत होतं.

मग डोकं चाललं. आपल्या माणसांना नवी गाडी आपली कधी वाटते? पूजा झाल्यावर! दसऱ्याला झेंडूचा हार घेतला आणि समोरच्या घरांच्या रांगेतल्या काकूंना महत्प्रयासाने थांब्यावर आणलं. बस आली. हार अडकवायला आरसा नाही, वायपर नाही. पुढे छातीच्या उंचीवर एक गोल डबी होती, तिला छान तीन वेढे दिले. कुंकू लावलं. आत बसलो. दार लागलं. बस जागची हलेना.

छतातल्या स्पीकरमधून, लांबून बसवर लक्ष ठेवणाऱ्या एका बाईचा आवाज आला. इंग्रजीत.

"सर, पुढे कॅमेऱ्यावर काही आहे का?"

"फुलं आहेत."

"फुलं?"

"आज गाडीची पूजा असते."

काकू माझ्यावर उखडल्या. "अहो, तुम्ही तिचे डोळेच बांधलेत! उघडायला सांगा दार. मी आपली चालत जाते."

दार उघडलं, काकू गेल्या. संध्याकाळपर्यंत ही हकिकत आमच्या सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरली. बसच्या वाटेला नंतर कुणीही गेलं नाही आणि डिसेंबरात ती बंद झाली. मुलगा म्हणतो, "बाबा, तुमच्यामुळे नाही, ती होणारच होती." चांगला मुलगा आहे.

पण त्या दिवशीचं सांगायचं राहिलं. मी हार सोडवला, कुंकू रुमालाने पुसलं, आत आलो.

"थँक यू, सर. आता बसून घ्या. तुम्ही बसल्याशिवाय गाडी निघणार नाही, आणि ती निघाली की मी लाइन बंद करते."

"तुम्ही कुठून बोलताय?" मी विचारलं.

तिने एका लांबच्या गावाचं नाव सांगितलं.

"थंडी आहे का तिकडे?"

"आहे थोडी. सर, प्लीज बसा."

मागे कुणी खोळंबलं नव्हतं. मी दांडा धरून आणखी थोडा वेळ उभाच राहिलो.